घाटाखालचे मुक्काम

रमजानमध्ये सहेरीसाठी पहाटे उठलो की आमच्या घरामागच्या खाचरातून घंटा ऐकू येतात. भात कापून जमीन मोकळी झालेली असते आणि तिथे मेंढ्यांचा वाडा बसलेला असतो. वाघुरीच्या जाळीत दाटीवाटीने बसलेली मेंढरे, दोन घोडी, तीन दगडांची चूल आणि कांबळ्यात गुरफटलेली माणसे. दिवाळी झाली की घाटावरचे मेंढपाळ कोकणात उतरतात आणि पावसाची चाहूल लागली की परत घाट चढतात. कर्जत-खालापूरच्या लोकांना यात नवल वाटत नाही. शेतकरी मेंढ्या बसवून घेतो, त्याला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. हा व्यवहार कोणत्या पिढीत सुरू झाला, हे दोघांनाही सांगता येत नाही.

यंदा पहिल्या रोजाच्या संध्याकाळी खजूर आणि फळांची थाळी घेऊन मी वाड्यावर गेलो. तिथले वयस्क बाबा खजूर तोंडात टाकून म्हणाले, "चाचा, तुमचं मूळ गाव कोणचं?"

"हेच की, कर्जत."

"हे राहतं गाव झालं. मूळ कोणचं?"

मी गप्प झालो. मग तेच हसून म्हणाले, "आमचं फलटणकडं. पर वर्साचं आठ म्हैनं तितं असतंय कोण?"

हाच प्रश्न काही दिवसांपूर्वी मला लोकल गाडीत एका तरुण सहप्रवाशाने विचारला होता. त्याच्या शब्दांत राग नव्हता, शाळेत पाठ केलेले उत्तर तपासून घ्यावे तसा त्याचा सूर होता. "काका, तुमचे लोक मुळात बाहेरूनच आले ना? लढायांच्या वेळी?" तेव्हाही मला नीट उत्तर देता आले नव्हते. बाबांच्या आणि त्या मुलाच्या प्रश्नात शब्द एकच होता, मूळ. बाबांना माझ्याशी सोयरीक जोडायची होती, म्हणून त्यांनी तो विचारला. त्या मुलाला मला कुठल्या तरी खान्यात बसवायचे होते. म्हणून ठरवले, यंदाच्या रमजानमध्ये या प्रश्नाचे उत्तर माणसांकडे न मागता जमिनीकडे मागायचे. मातीतून निघालेली खापरे, ताम्रपट, शिलालेख आणि जुन्या वाटा काय सांगतात ते पाहायचे.

चालत्या माणसाची खूण

चालत्या माणसाचा इतिहास शोधणे सोपे नसते. घर बांधून राहणारा माणूस जोते ठेवून जातो, विहीर ठेवून जातो. मेंढपाळ काय ठेवतो? तीन काळे दगड, मूठभर राख आणि लेंड्यांचा थर. पहिल्या पावसात तेही वाहून जाते. तरीही अभ्यासकांनी माग काढला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. पुण्याहून मुंबईला नोकरीसाठी जाताना ते डेक्कन क्वीनने आपल्या कर्जतवरूनच जात. सुट्टीत ते सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्या पायी पालथ्या घालत. धनगरांच्या आजच्या वाटांवर त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारे सापडली, आणि बौद्ध लेणी कोरली गेली तीही याच जुन्या वाटांच्या आसपास, असे त्यांनी दाखवले. पुढे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर धनगरांबरोबर हिंडले आणि त्यांच्या देवांची ठाणी त्यांच्या वाटांशी कशी बांधलेली आहेत, हे त्यांनी लिहून ठेवले.

यातून एक गोष्ट कळते. भटक्यांचा मुलूख म्हणजे रिकामा मुलूख नव्हे. तिथे वाटा असतात, पाणवठे असतात आणि वाटेच्या टोकाला बाजार असतो. ज्याला फिरायचे आहे त्यालाही मीठ, धान्य, लोखंड विकत घ्यावे लागते. म्हणून भटक्यांच्या मुलखात गाव उभे राहते ते बहुधा बाजाराच्या जागी.

याचे मोठे उदाहरण आपल्यापासून फार दूर, मध्य आशियात आहे. कझाकस्तानच्या दक्षिणेकडे गवताळ मैदाने आणि डोंगर आहेत, घोडे-मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या तुर्की टोळ्यांचा तो मुलूख. तिथे कायालिक नावाच्या मध्ययुगीन शहराचे अवशेष आहेत. १२५३ साली विल्यम ऑफ रुब्रुक नावाचा युरोपीय पाद्री तिथे थांबला होता. तिथला मोठा बाजार आणि व्यापाऱ्यांची वर्दळ त्याने लिहून ठेवली आहे. उत्खनन झाले तेव्हा त्या एकाच शहरात मशीद, सुफींची खानकाह आणि बौद्ध मंदिर यांचे अवशेष मिळाले. तिकडेच ओर्नेक नावाचे दुसरे ठिकाण आहे. गुरे पाळणाऱ्या लोकांच्या वस्तीचे ते ठिकाण, आणि तिथेही मशिदीचे अवशेष आहेत. २०१४ साली युनेस्कोने रेशीम मार्गाचा एक मोठा पट्टा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, त्यात या दोन्ही ठिकाणांचा समावेश आहे. भोवती फिरते लोक, मध्ये बाजार, आणि बाजारात आपापली प्रार्थना करणारे नाना धर्मांचे व्यापारी, असे हे चित्र.

आता हे चित्र जरा आपल्याकडे वळवून पाहू. गवताळ मैदानाच्या जागी सह्याद्री ठेवू. टोळ्यांच्या जागी धनगर, आणि बैलांवर मीठ-धान्य लादून घाट चढणारे लमाणांचे तांडे ठेवू. बाजाराच्या जागी अलिबागजवळचे चौल ठेवू.

सैमूरचे दहा हजार

चौल म्हणजे आज नारळी-पोफळीच्या वाड्यांचे शांत गाव. पण ते दोन हजार वर्षांचे बंदर आहे. ग्रीक लेखक त्याला सिमुल्ला म्हणत, शिलाहारांच्या ताम्रपटात ते चेमुली म्हणून येते, आणि अरब लेखकांचे सैमूर ते हेच.

बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल्-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास, या सैमूरला आला. तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. हा राजा राष्ट्रकूटांचा मांडलिक. बारा शिवमंदिरे बांधणारा म्हणून त्याच्या वंशजांच्या ताम्रपटांत त्याचा गौरव आहे. त्याच राजाच्या बंदरात मसूदीला सुमारे दहा हजार मुसलमान राहताना दिसले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले ते लोक होते. पण तो आणखी एक शब्द वापरतो, बयासिरा. हिंदुस्थानातच मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले ते बयासिरा, असे तो स्वतःच समजावून सांगतो.

या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. इसवी सन ९१६ मध्ये कोकणात इथेच जन्मलेल्या मुसलमानांची संख्या एवढी होती की त्यांच्यासाठी वेगळा शब्द पडला होता. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची स्वारी १२९६ ची. म्हणजे तिच्या आधी ३८० वर्षे. बहमनी राज्य १३४७ चे. लढायांच्या वेळी आलेले लोक पुढे खूप आले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण कोकणात पहिला मुक्काम पडला तो व्यापाऱ्यांचा, आणि तो राजाच्या परवानगीने.

परवानगी म्हणजे काय, हेही मसूदी सांगतो. या मुसलमानांचा एक प्रमुख असे. त्याला हुनरमन म्हणत. आपापसातले तंटे, व्यवहार त्याच्यापुढे जात. हा प्रमुख त्यांच्यातलाच, पण त्याला नेमत असे राजा. शिवमंदिरे बांधणाऱ्या राजाने मुसलमानांचा प्रमुख नेमायचा, आणि मुसलमानांनी त्या राजाच्या बंदरात जकात भरून धंदा करायचा, असा तो करार होता. आजच्या भाषेत त्याला काय म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

लेखी पुराव्याला मातीची साक्ष लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी चौलला उत्खनन करून या जुन्या बंदराचा माग घेतला. ठाण्याच्या उत्तरेला, आज गुजरातच्या हद्दीत असलेल्या संजाण या बंदरात २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले. तिथे पश्चिम आशियातली झिलईची भांडी, काचेचे तुकडे आणि चिनी मातीची भांडी मिळाली.

झिलईचे एवढे महत्त्व का, असे कुणी विचारील. आपल्या स्वयंपाकघरातली लोणच्याची बरणी आठवा. तिच्यावरचा तो गुळगुळीत, चकचकीत थर म्हणजे झिलई. त्या काळातली इथली मडकी, गाडगी साधी भाजलेली असत, त्यांना असा थर नसे. त्यामुळे कोकणातल्या मातीत हिरवट-निळ्या झिलईची बोटभर खापरी सापडली, तरी जाणकाराला लगेच कळते की ही समुद्र ओलांडून आली. दुसरी खूण म्हणजे इराक-इराणकडून येणारे लांबट, टोकदार बुडाचे रांजण. त्यांना आतून डांबराचा लेप असे, म्हणजे आतला पातळ माल झिरपू नये. पश्चिम किनाऱ्यावर मिळालेले असे तुकडे पूर्वी कित्येकदा रोमन समजून नोंदवले गेले. पुढे नीट तपासणी झाली तेव्हा ते इराणी आखातातले निघाले. एका खापराचे मूळ चुकले तर एवढा घोटाळा होतो, मग माणसांच्या मुळाबद्दल किती जपून बोलायला हवे!

होडी फुकट, भात फुकट

मसूदी येऊन गेला त्यानंतर दहाएक वर्षांनी, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ मध्ये, एक संस्कृत ताम्रपट लिहिला गेला. तो सापडला आजच्या पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी गावात. प्रसिद्ध लिपिज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी त्याचे वाचन केले. त्या वेळी राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र गादीवर होता. ताम्रपट सांगतो की संजाणच्या आसपासच्या मुलखाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे होता, आणि तो त्याला आधीचा सम्राट कृष्णराज याने दिला होता. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप आहे. त्याच्या वडिलांचे नाव सहियारहार असे दिले आहे, ते शहरयार असावे.

या मुहम्मदाने काय केले, याची नोंद वाचताना मला सरळ रमजानच आठवला. दोन ओढ्यांवर त्याने फुकट होडी चालू केली. संजाणला अन्नछत्र घातले, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. आणि तिथल्या एका ब्राह्मणाने उभारलेल्या भगवतीच्या मठिकेसाठी त्याने जमीन दिली. हा ताम्रपट त्या दानाचाच आहे.

रोजा सोडवण्यासाठी दुसऱ्याला एक खजूर देणे, वाटसरूला पाणी पाजणे, याचे पुण्य आम्हाला लहानपणापासून शिकवले जाते. अन्नदान हे श्रेष्ठ दान, हे आमच्या शेजाऱ्यांना त्यांच्या घरी शिकवले जाते. ९२६ साली संजाणच्या त्या छत्रात बसलेल्या माणसाने तूप-भात खाताना यातला कोणता धडा आठवला असेल? त्याला बहुधा भूक लागली होती, एवढेच.

यात कुणी मनाचा मोठेपणा पाहील, कुणी राजकारण. दोन्ही असेल. परमुलखातून आलेल्या अधिकाऱ्याला स्थानिक लोकांचा विश्वास हवा होता, आणि सम्राटाला समुद्रावरचा व्यापार सांभाळणारा जाणता माणूस हवा होता. पण विश्वास मिळवायला त्याने होडी, भात आणि मठाला जमीन ही साधने निवडली, हे तांब्यावर कोरलेले आहे.

पालीमार्गे जुन्नर

बंदरावर उतरलेला माल तिथेच राहत नाही, तो घाट चढतो. इथे आपला कर्जत-खालापूरचा मुलूख येतो. समुद्र आणि देश यांच्या मधला हा पट्टा. वर बोरघाट, कुसूरची वाट, भीमाशंकराकडे चढणाऱ्या वाटा. कर्जतजवळची कोंढाणे लेणी या वाटांचे वय सांगतात, ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. पेणच्या मिठागरांचे मीठ बैलांच्या पाठीवर वर जाई आणि घाटावरचे धान्य खाली येई. गाडीरस्ता नव्हता. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली, आणि रेल्वे सुरू झाली १८६३ साली. त्याआधी हा सगळा प्रदेश पायी चालणाऱ्यांचा होता.

मध्ययुगात या वाटांनी घोडेही जात. अरबस्तान आणि इराणकडून जहाजाने घोडे चौलला उतरत आणि घाटावरच्या सुलतानांच्या फौजांत विकले जात. याच धंद्याच्या आशेने १४७० च्या सुमारास एक रशियन व्यापारी एकच घोडा घेऊन चौलला उतरला. त्याचे नाव अफनासी निकितिन. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. चौलहून जमिनीच्या वाटेने आठ दिवसांनी आपण पालीला, डोंगराच्या पायथ्याशी पोचलो, असे तो लिहितो. ही पाली म्हणजे आपल्या शेजारच्या सुधागड तालुक्यातलीच, असे मानले जाते. तिथून पुढे घाट चढून जुन्नर. चौल सोडल्यापासून जुन्नरला पोचेपर्यंत त्याचे तीन आठवड्यांहून अधिक दिवस गेले. आज तेवढे अंतर आपण जेवणाच्या दोन वेळांमध्ये कापतो.

जुन्नरला निकितिनवर संकट आले. तिथला अंमलदार असदखान याने त्याचा घोडा जप्त केला. आमचा धर्म स्वीकार, घोडा परत देतो आणि वर मोहराही देतो, नाही तर घोडाही जाईल आणि दंडही पडेल, अशी अट घातली. चार दिवसांची मुदत दिली. निकितिन श्रद्धाळू ख्रिस्ती होता. तो हवालदिल झाला. तेवढ्यात ख्वाजा मुहम्मद नावाचा खुरासानचा एक गृहस्थ तिथे आला. त्याने खानाकडे रदबदली केली, धर्मांतराची अट मागे घ्यायला लावली आणि घोडाही सोडवून आणला. जुलूम करणारा मुसलमान आणि सोडवणाराही मुसलमान. दोघांचीही नोंद त्या परक्या माणसाने प्रामाणिकपणे ठेवली. आपणही दोन्ही वाचायला हवे.

या निकितिनची आणखी एक गोष्ट रमजानच्या पानावर सांगितलीच पाहिजे. रशियातून निघाल्यावर अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले होते, त्यात त्याची धर्मग्रंथांची पुस्तके गेली. सण कधी, उपवास कधी, याचा हिशेब त्याच्याकडे उरला नाही. मग दख्खनमध्ये असताना मुसलमानांनी रोजे धरले तेव्हा त्यानेही त्यांच्याबरोबर आपला उपवास सुरू केला. महिनाभर मांस वर्ज्य केले, दिवसातून दोनदा फक्त भाकरी आणि पाणी घेतले. प्रार्थना त्याची होती, देव त्याच्या पद्धतीने आठवत होता. पण दिवस मोजायला त्याला शेजाऱ्यांचा चंद्र लागला.

एकाच दगडावर दोन सनावळ्या

दिवस मोजण्यावरून अलिबागजवळच्या नागावचा शिलालेख आठवतो. तो मराठीतल्या जुन्या कोरीव लेखांपैकी एक. ठाणे-कोकणावर राज्य करणारा हंबीरराव नावाचा राजा त्यात येतो. लेखाच्या सुरुवातीलाच काळ दिला आहे, आणि तो दोन पद्धतींनी. हिजरी ७६९ आणि शके १२८९, म्हणजे इसवी सन १३६७.

हा दगड कुणी एकोप्याचा संदेश द्यायला कोरलेला नाही. व्यवहाराची नोंद करणारा तो दगड आहे. नोंद अशी हवी की ती सगळ्यांना कळावी, पुढे भांडण होऊ नये. गावात दोन पंचांगे चालत होती, म्हणून दोन्ही कोरली. आज आपल्या भिंतीवरच्या कालदर्शिकेतही चंद्रदर्शन, एकादशी आणि रमजानचा महिना एकाच पानावर असतात. साडेसहाशे वर्षांपूर्वीची आपली कालदर्शिका दगडाची होती, एवढाच फरक.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे सगळे गोडच होते का? मुळीच नाही. १५०८ साली चौलच्या समुद्रात पोर्तुगीज आणि इजिप्त-गुजरातच्या आरमारांची लढाई झाली. १५७०-७१ मध्ये मूर्तजा निजामशहाने चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला. आणि उंबरखिंड तर खालापूरकरांच्या घरचीच. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज त्या अरुंद वाटेत कोंडून शरण आणली. ज्या घाटवाटांनी मीठ आणि घोडे गेले, त्याच वाटांनी फौजाही आल्या. पण फौज आली की तिची बखर होते, पोवाडा होतो. मिठाच्या गोणीचा पोवाडा होत नाही. तिची साक्ष फक्त वाट देते, पाणवठा देतो आणि खापर देते. म्हणून ही साक्ष जपावी लागते.

आमच्या हातून झालेली चूक

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे, कारण त्यात दोष माझाही आहे.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका जुन्या दर्ग्याच्या दुरुस्तीसाठी आम्ही वर्गणी काढली. मीही घरोघर फिरलो. हिंदू शेजाऱ्यांनीही हात सैल सोडून पैसे दिले. आवारात काही जुन्या कबरी होत्या, त्यांच्या उशाला दिवा ठेवायच्या कोनाड्याचे दगड होते. एका दगडावर काही तरी कोरलेले होते, पण वर्षानुवर्षांच्या तेलाने आणि चुन्याने ते बुजले होते. कुणालाच वाचता येत नव्हते. आम्ही त्यावर चकचकीत फरशी बसवली. उद्घाटनाला जेवण घातले. सगळे खूश झाले. मीही झालो.

तो लेख होता की नुसती नक्षी, हे आता कधीच कळणार नाही. फोटो काढायचेही कुणाला सुचले नाही. बाहेरच्या कुणी येऊन आमचा इतिहास पुसला नाही. आम्ही प्रेमाने, वर्गणी काढून, स्वतःच पुसला. देवळांच्या जीर्णोद्धारातही असेच होते, हे शेजारी कबूल करतात. जुने वीरगळ पायरीला लावले जातात, मूर्तीवर ऑइल पेंट चढतो.

आज कर्जत-खालापुरात जमीन जेवढी उकरली जात आहे तेवढी पूर्वी कधी उकरली गेली नसेल. फार्महाऊस, प्लॉट, रस्ते, पनवेल-कर्जतचा नवा रेल्वेमार्ग. विकास नको असे कुणी म्हणत नाही, मुलांना रोजगार हवाच आहे. पण जेसीबीच्या एका फावड्यात पाचशे वर्षांची वस्ती उचलली जाऊ शकते आणि भरावाखाली जाऊ शकते. पुरातत्त्वाचा माणूस प्रत्येक बांधावर उभा राहू शकत नाही. तिथे आपण असतो.

म्हणून काही साध्या गोष्टी, सर्व धर्मांच्या विश्वस्तांसाठी आणि जागामालकांसाठी. दुरुस्तीआधी प्रत्येक जुन्या दगडाचा सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, तेव्हा पुसट अक्षरेही सावलीने उठून दिसतात. अक्षरावर रंग, चुना, सिमेंट लावू नका. ते ब्रशने किंवा ॲसिडने घासूही नका. दगड जागचा हलवू नका, कारण दगड कुठे होता हे निम्मे ज्ञान असते. अरबी-फारसी लेख वाचण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्वतंत्र शाखा नागपूरला आहे. राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे. आणि नांगरताना, पाया खोदताना नाणी किंवा मौल्यवान ठेवा सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याबद्दलचा हा कायदा १८७८ पासून आहे. कळवल्याने जमीन जाते, ही भीती पुष्कळांना वाटते आणि त्यापायी वस्तू गुपचूप विकल्या किंवा पुरल्या जातात. विकलेल्या नाण्याचे चार पैसे येतात, पण ते कोणत्या गावचे होते हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

मूळ आणि मुक्काम

त्या तरुण सहप्रवाशाला आता मी काय सांगू? सांगीन की बाबा रे, आमच्यातले काही समुद्रावरून आले, काही घोड्यांबरोबर आले, काही फौजेबरोबर आले आणि कितीतरी जण कुठूनच आले नाहीत, ते इथलेच होते. हजार वर्षांपूर्वी इथे जन्मलेल्यांना एका प्रवाशाने बयासिरा हे नाव दिले. त्यांची भाषा पुढे काय झाली, हे तुला माझ्या घरी जेवायला आलास की ऐकू येईल. माझी दादी नमाज अरबीत पढायची आणि भात करपला की कोकणीत ओरडायची.

बाबांचा वाडा परवा उठला. पुढच्या मुक्कामाला निघताना त्यांनी हाक मारली, "चाचा, ईदला न्हाई आमी. शेवया पुढच्या वर्साला खाऊ." मी विचारले, "पुढच्या वर्षी याल ना पण?" ते म्हणाले, "वाट हाय तवर येनार."

मेंढरे गेल्यावर मी खाचरात गेलो. तीन काळे दगड, राख आणि कुणीतरी खाऊन टाकलेल्या खजुराच्या दोन-चार बिया. एक बी मी खिशात टाकली. जूनमध्ये पाऊस येईल आणि बाकीचे सगळे धुऊन नेईल. शेतकऱ्याचे भात मात्र त्या खतावर चांगले येईल.